बाटलीवरचा आकडा तपासायचा कोणी?

ई-सिगारेटचा विषय निघाला की सोलापुरात बहुतेक जण तो एका वाक्यात मिटवतात: "त्यावर बंदी आहे ना!" आहे. १८ सप्टेंबर २०१९ रोजी केंद्राचा अध्यादेश निघाला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्याचा कायदा झाला. उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वितरण, साठवण, जाहिरात, सगळेच बंद. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडला तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. नुसता साठा सापडला तरी सहा महिन्यांपर्यंत आत जावे लागू शकते. हा कायदा कडक आहे आणि तो तसाच राहावा, या मताचा मी आहे.

पण बंदी असूनही माल येतो. कुरिअरने येतो, ओळखीने येतो, पुण्याला शिकायला गेलेल्या मित्राच्या बॅगेतून येतो. ई-सिगारेटमध्ये तापवून वाफ ओढायचा द्रव असतो, आणि त्या द्रवाच्या बाटलीवर निकोटीनचा एक आकडा छापलेला असतो. तो खरा की खोटा, हे पाहण्याची जबाबदारी आज कुणाचीच नाही. वस्तूच बेकायदा, मग तिचे लेबल कशाला तपासायचे, असा सरळ हिशेब आहे. मला हा हिशेब चुकीचा वाटतो, कारण कॉलेजातली पोरे तो आकडा वाचतात, त्यावर विश्वास ठेवतात आणि मग ओढतात.

मी औषधविक्रेता आहे. आमचा सगळा धंदा छापील आकड्यावर उभा आहे. पॅरासिटामॉलच्या गोळीवर ५०० मिलिग्रॅम लिहिले असेल, तर भारतीय औषधकोशाप्रमाणे तिच्यात ९५ ते १०५ टक्क्यांच्या दरम्यान, म्हणजे ४७५ ते ५२५ मिलिग्रॅम औषध असावेच लागते. पट्टीवर बॅच नंबर असतो, परवाना क्रमांक असतो, कारखान्याचा पत्ता असतो. औषध निरीक्षक कधीही येऊन नमुना उचलू शकतो. इतकेच नाही, औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याच्या कलम २६ प्रमाणे विकत घेतलेले औषध शुल्क भरून सरकारी विश्लेषकाकडून तपासून घेण्याचा हक्क साध्या ग्राहकालाही आहे. फार थोडे लोक तो वापरतात, पण हक्क आहे. दुधाचा किंवा तेलाचा संशय आला तर अन्नसुरक्षा कायद्यात तशीच सोय आहे. पेट्रोल पंपावर पाच लिटरचे माप मागता येते. माणूस जे पोटात घेतो किंवा ज्याचे पैसे मोजतो, त्याचे माप कुणीतरी धरलेले असावे, हे आपण मान्य केलेले आहे.

काही महिन्यांपूर्वी दुकानात एक अक्का आल्या. वर्षानुवर्षे विड्या वळणाऱ्या. बोटांच्या टोकांवर तंबाखूचा पिवळटपणा कायमचा बसलेला. पदराच्या गाठीतून त्यांनी एक छोटी बाटली काढून काउंटरवर ठेवली. "दादा, हे बघा की जरा. पोराच्या दप्तरात घावलं." मुलगा अकरावीला. आईने विचारल्यावर त्याने सांगितले होते की यात काही नाही, नुसता वास आहे, वर शून्य लिहिलेय. अक्कांनी स्वतः झाकण उघडून वास घेऊन पाहिला होता. "तंबाखूचा वास न्हाई ह्याला. मी दिवसभर तंबाखूतच बसते, मला कळतंय की."

त्यांचे नाक खोटे बोलत नव्हते. त्या द्रवात तंबाखूचे पान नव्हतेच. पण तंबाखूतून काढून शुद्ध केलेले निकोटीन इतके पातळ केले, की त्याला सांगण्यासारखा वास उरत नाही, आणि जो काही उरतो तो आंब्याच्या सुगंधाखाली दबतो. बाटली ३० मिलिलिटरची होती. त्यावर आंब्याचे आणि बर्फाच्या खड्यांचे चित्र, कोपऱ्यात एका गोलात शून्य. कुणी बनवली त्याचा पत्ता नाही. बॅच नंबर नाही. मुदतीची तारीख एका पांढऱ्या चिकटपट्टीवर होती आणि ती पट्टी दुसऱ्याच छपाईवर चिकटवलेली होती. झाकण लहान मुलालाही सहज फिरवता येईल असे. आतला द्रव फिक्या चहाच्या रंगाचा. निकोटीन हवा आणि उजेड लागला की तपकिरी पडते, हे खरे. पण व्हॅनिलासारख्या चवींनीही असाच रंग येतो, त्यामुळे रंगावरून काही म्हणता येत नाही.

मी त्यांना जे ठामपणे सांगता येण्यासारखे होते ते सांगितले. कायद्याच्या व्याख्येत निकोटीन असलेली आणि नसलेली, दोन्ही प्रकारची उपकरणे येतात. म्हणजे 'शून्य आहे म्हणून चालतं' हे दुकानदाराचे बोलणे धादांत खोटे. हाताला लागले तर साबणाने धुवा, कारण निकोटीन कातडीतून आत जाते. घरात लहान मूल असेल तर त्याच्या हाती लागू देऊ नका. पोराला मळमळ, उलटी, दरदरून घाम, चक्कर, छातीत धडधड असे काही झाले तर बाटलीसकट दवाखान्यात न्या. अक्कांनी सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "ते समदं खरं, पण ह्यात शून्य हाय का न्हाई, ते सांगा की." त्याचे उत्तर माझ्याकडे नव्हते, आणि त्यांना कुठे पाठवावे हेही सांगता येईना. मग आवाज खाली करून त्यांनी विचारले, की ही बाटली घेऊन कुठे गेले तर पोलीस मलाच धरतील का?

आता त्या शून्याविषयी जगात काय माहीत आहे ते पाहू. २००९ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने दोन कंपन्यांच्या ई-सिगारेटची काडतुसे, म्हणजे आत बसवायच्या द्रवाच्या नळ्या, तपासली. 'निकोटीन नाही' असे छापलेल्या काडतुसांपैकी एक सोडून बाकी सगळ्यांत थोडेफार निकोटीन सापडले. त्यानंतर दहा वर्षांनी, २०१९ मध्ये, ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी निकोटीनमुक्त म्हणून विकले जाणारे दहा द्रव विकत घेऊन तपासले आणि निष्कर्ष तिथल्या वैद्यकीय नियतकालिकात छापले. दहापैकी सहांमध्ये निकोटीन होते. हे उदाहरण मला आपल्या सर्वांत जवळचे वाटते, कारण त्या काळी ऑस्ट्रेलियात निकोटीनयुक्त द्रव दुकानात विकायला परवानगी नव्हती. जिथे निकोटीन विकता येत नाही तिथे शून्याचे लेबल सर्वांत जास्त कामाला येते. आपल्याकडे शून्य छापूनही कायद्यातून सुटका नाही, मग ते छापतात कशासाठी? आईबापांसाठी. आणि पहिल्यांदा तोंडाला लावणाऱ्या पोरासाठी. 'हे सिगारेटसारखं नाही' असे सांगायला तो गोल लागतो. पोराला सवय लागते, आणि सवय कशाची लागली हे त्याला कळत नाही.

शून्य सोडून बाकीचे आकडेही भरवशाचे नाहीत, आणि दरवेळी त्यामागे लबाडीच असते असेही नाही. या द्रवात मुख्यतः प्रॉपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन असते, थोडी चव, आणि निकोटीन. मात्रा मिलिग्रॅम प्रति मिलिलिटरमध्ये लिहितात: ३, ६, १२, १८. निकोटीन सॉल्टच्या नव्या द्रवांत २० पासून ५० पर्यंत. कारखान्यात तीव्र निकोटीनचे द्रावण आणून ते पातळ केले जाते. ग्लिसरीन घट्ट असते. पुरेसे ढवळले नाही तर एकाच पिंपातली पहिली बाटली आणि शेवटची बाटली वेगळी निघते. तीव्र द्रावण मोजताना थोडा हात चुकला तरी फरक मोठा पडतो. औषध कारखान्यात याच कारणासाठी प्रत्येक बॅचचा नमुना प्रयोगशाळेत जातो. शेडमध्ये भरलेल्या बाटलीचा नमुना कुठेच जात नाही.

मग टक्क्यांचा घोळ. समजा बाटलीवर ५ टक्के लिहिले आहे. हे वजनाचे पाच टक्के की आकारमानाचे? हा द्रव पाण्यापेक्षा जड असतो, त्यामुळे वजनाने ५ टक्के म्हणजे मिलिलिटरला सुमारे ५९ मिलिग्रॅम होतात. अमेरिकेत गाजलेल्या जूल कंपनीच्या ५ टक्क्यांच्या काडतुसात तीच मात्रा होती. आकारमानाच्या हिशेबाने धरले तर ५० मिलिग्रॅम. आकडा एकच, आणि फरक जवळजवळ वीस टक्क्यांचा. सॉल्टचा गोंधळ याहून वाईट आहे. निकोटीन सॉल्ट म्हणजे बहुतेक वेळा निकोटीन आणि बेन्झोइक आम्ल यांचे संयुग. निकोटीनचा रेणुभार १६२, आम्लाचा १२२. एकास एक प्रमाण धरले तर ५० मिलिग्रॅम सॉल्टमध्ये प्रत्यक्ष निकोटीन साडेअठ्ठावीस मिलिग्रॅमच असते. बाटलीवर 'सॉल्ट ५०' लिहिले असेल तर ५० कशाचे, हे बनवणाऱ्याने सांगितल्याशिवाय कळणार कसे? आणि बनवणाऱ्याचा तर पत्ताच नाही. सॉल्टमुळे घशाला ओरखडा कमी बसतो, म्हणून जास्त मात्राही सहज ओढली जाते. एरवी नवख्याला ठसका लागून जी धोक्याची सूचना मिळाली असती, ती मिळत नाही.

काही तपासण्यांत निकोटीन लेबलपेक्षा कमीही निघाले आहे, हे सांगायला हवे. त्यावर कुणी म्हणेल, कमी निघाले तर बरेच झाले. तसे नाही. १८ लिहिलेल्या बाटलीत १० निघाले आणि त्यावर शरीर सरावले, की पुढच्या वेळी त्याच आकड्याची बाटली खरोखर १८ ची निघते आणि मात्रा जवळजवळ दुप्पट होते. त्यातून किती निकोटीन अंगात जाते हे उपकरणाच्या तापमानावर, आतल्या कॉइलवर, म्हणजे द्रव तापवणाऱ्या तारेवर, आणि किती वेळ ओढले यावरही ठरते. २००९ च्या त्याच अमेरिकन तपासणीत एकाच लेबलच्या तीन काडतुसांतून एका झुरक्याला २६.८ पासून ४३.२ मायक्रोग्रॅमपर्यंत निकोटीन बाहेर पडले होते. म्हणजे बाटलीवरचा आकडा खरा असला तरी तो अर्धीच माहिती देतो. म्हणून तर युरोपीय संघाच्या २०१४ च्या निर्देशात मिलिलिटरला २० मिलिग्रॅमची कमाल मर्यादा आणि भरण्याच्या बाटलीला १० मिलिलिटरची मर्यादा घातली, आणि त्याबरोबर एका मात्रेला किती निकोटीन मिळते तेही लेबलवर मागितले.

आकड्यांचा आग्रह धरायचा तर तो आपल्या बाजूनेही धरायला हवा. व्यसनमुक्तीच्या भाषणांत अजूनही सांगितले जाते की ६० मिलिग्रॅम निकोटीन पोटात गेले की माणूस मरतो. हा आकडा पाठ्यपुस्तकांत वर्षानुवर्षे उतरत आला. ऑस्ट्रियातले औषधशास्त्रज्ञ बर्न्ड मायर यांनी २०१४ मध्ये त्याचा माग काढला, तेव्हा तो एकोणिसाव्या शतकातल्या शंकास्पद स्वप्रयोगांवर उभा असल्याचे दिसले. प्रौढ माणसासाठी प्राणघातक मात्रा ५०० मिलिग्रॅमच्या वर असावी, असा त्यांचा निष्कर्ष आहे. भीती घालण्यासाठी आपण चुकीचा आकडा सांगितला आणि पोराने तो मोबाइलवर तपासला, तर आपले पुढचे खरे बोलणेही तो ऐकणार नाही. आणि खरा हिशेब पुरेसा गंभीर आहेच. ५० च्या मात्रेची ३० मिलिलिटरची बाटली म्हणजे १,५०० मिलिग्रॅम निकोटीन. ते घरात, सैल झाकणाखाली, आंब्याच्या वासाचे. दोन वर्षांच्या मुलाला प्रौढाइतकी मात्रा लागत नाही.

इथे एक प्रामाणिक प्रतिवाद येतो. बंदी उठवा, परवाने द्या, नियम लावा, मग लेबल आपोआप सुधारेल. हे म्हणणाऱ्यांचा एक मुद्दा मला पटतो: जिथे विक्री कायदेशीर आहे तिथे खोट्या लेबलमुळे कुणाचा तरी परवाना जाऊ शकतो, आणि बंदीत तो धाक नसतो. बंदीची ही किंमत आहे आणि ती मान्य करायला हवी. पण तेवढ्यासाठी दार उघडावे हे मला पटत नाही, आणि त्याचे कारण आपल्याच जिल्ह्यात दिसते.

सोलापूर हे विडीचे शहर आहे. हजारो बायका इथे तेंदूच्या पानात तंबाखू भरून दोरा बांधतात. कुंभारीला त्यांच्यासाठी गोदूताई परुळेकरांच्या नावाने दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली. २००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्यात असे कलम आहे की तंबाखूच्या प्रत्येक पाकिटावर निकोटीन आणि टारचे प्रमाण लिहावे. विडीचे कोणतेही बंडल हातात घेऊन पाहा. चित्रमय इशारा आहे, आकडा नाही. याला एक समजण्यासारखे कारणही आहे: यंत्राने मोजलेला आकडा माणसाच्या प्रत्यक्ष ओढण्याशी जुळत नाही आणि कमी आकडा पाहून लोक निर्धास्त होतात, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक सूचनाही सांगतात. पण ज्या यंत्रणेला इथल्या इथे वळल्या जाणाऱ्या विडीतल्या निकोटीनचे प्रमाण वीस वर्षांत लोकांसमोर नीट मांडता आले नाही, तिने शेकडो चवींच्या आयात द्रवाची बॅच-बॅच तपासावी, ही अपेक्षा कागदावरच राहील. गुटख्यावर महाराष्ट्रात जुलै २०१२ पासून बंदी आहे आणि त्याच्या रिकाम्या पुड्या अजून एसटी स्टँडवर दिसतात. नव्या वस्तूला परवाना दिला तर उद्या परवान्याची आणि बिगरपरवान्याची बाटली शेजारी शेजारी दिसतील, आणि पोराला फरक कळणार नाही.

दुसरे असे की सिगारेट सोडायला मदत होते हा या उपकरणाचा जो मोठा गुण सांगतात, तो आपल्या राज्याला फारसा लागूच होत नाही. २०१६-१७ च्या राष्ट्रीय प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रात २६.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरत होते, पण धूम्रपान करणारे फक्त ३.८ टक्के. आपल्याकडे लोक तंबाखू-चुना मळतात, मावा खातात, बायका मिश्री लावतात. वेप, म्हणजे हीच ई-सिगारेट, त्यांना सोडवायला येत नाही. ज्याने कधी सिगारेटला हात लावला नसता, अशा अकरावीच्या पोराकडे तो येतो. ज्याला खरोखर सोडायचे आहे त्याच्यासाठी मोजून-मापून बनवलेला २ मिलिग्रॅमचा निकोटीन गम औषधाच्या दुकानात मिळतो आणि १८००-११-२३५६ हा राष्ट्रीय मदत क्रमांक फुकट आहे.

म्हणून माझे म्हणणे असे: बंदी ठेवा, आणि बंदी ठेवून तपासा. आज ई-सिगारेटचा साठा पकडला की बातमी येते, इतक्या लाखांचा माल जप्त. किंमत छापून येते, बाटल्यांची संख्या येते. आत काय होते, हे येत नाही. जप्त झालेल्या मालाला किमतीपलीकडे एक मोल आहे. या जिल्ह्यातल्या पोरांच्या छातीत नेमके काय जात आहे, हे कळण्याचा तोच एक मार्ग सरकारच्या हातात आहे. प्रत्येक जप्तीतून नमुना काढावा, लेबलचा फोटो घ्यावा आणि नमुना राष्ट्रीय तंबाखू चाचणी प्रयोगशाळेत पाठवावा. नोएडा, मुंबई आणि गुवाहाटी इथे अशा प्रयोगशाळा उभ्या केलेल्या आहेत. रात्री सिद्धेश्वर एक्स्प्रेसने निघालेला नमुना सकाळी मुंबईत असतो. निकोटीन मोजायला लागणारे गॅस क्रोमॅटोग्राफीचे तंत्र जुने आणि रुळलेले आहे.

या शहराला खोट्या लेबलची चीड नवी नाही. भौगोलिक मानांकन असूनही दुसरीकडे विणलेली चादर सोलापुरी म्हणून खपवली जाते, तेव्हा आपल्याकडचे यंत्रमागवाले किती पोटतिडकीने बोलतात! पण चादर हातात घेऊन जाणकाराला फरक सांगता येतो. या द्रवाला हात लावून, वास घेऊन, रंग पाहून कुणालाच काही सांगता येत नाही. तंबाखूत आयुष्य गेलेल्या बाईलाही नाही.

आकडे जाहीर केले तर कडक मालाची जाहिरात होईल, पोरे तोच शोधतील, अशी शंका मला एका शिक्षक मित्राने बोलून दाखवली. शंका रास्त आहे. म्हणून ब्रँडची नावे जाहीर करू नयेत. किती नमुने तपासले, त्यांतले शून्य लिहिलेले किती, त्यांपैकी कितींत निकोटीन सापडले, आणि बाकीच्यांत छापील व प्रत्यक्ष आकड्यात सर्वांत मोठा फरक किती, एवढेच पुरे. याने कुणाला खरेदीची यादी मिळत नाही. मिळतो तो आईबापांना आणि शिक्षकांना पोरांसमोर ठेवायला आपल्या जिल्ह्यातला पुरावा. ऑस्ट्रेलियातले दहापैकी सहा सांगितले तर मुले म्हणतात, ते तिकडचे. सोलापूरचा आकडा त्यांना असा झटकता येणार नाही.

आणि अक्कांच्या त्या खाली आवाजातल्या प्रश्नाचे उत्तर सरकारने लेखी द्यावे. घरात सापडलेली बाटली आईबापांनी आणून दिली, तर त्यांच्यावर साठवणुकीचा ठपका येणार नाही, नाव-पत्ता विचारला जाणार नाही, आणि तपासणीचा निकाल एका क्रमांकावर कळेल, अशी सोय जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात असावी. तंबाखू नियंत्रणासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हास्तरीय समन्वय समिती असते. पोलीस, शिक्षण, आरोग्य, अन्न व औषध प्रशासन अशा सगळ्या खात्यांची माणसे तिच्यात एकत्र बसू शकतात. तिच्या पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर दोन गोष्टी घ्याव्यात: जप्त द्रवाचे नमुने मुंबईला पाठवण्याचे वेळापत्रक, आणि पालकांनी आणून दिलेली बाटली कोणत्या खिडकीवर, कोणत्या वेळेत घ्यायची ते.